लहान मुलांचा नाश्ता कमी गोड करायचा असेल तर सुरुवात कपापासून करा

प्रश्न असा आहे: घरात दोन आणि पाच वर्षांची मुलं आहेत. सकाळी गोड सिरियल, चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि जॅम लावलेला ब्रेड एवढंच पोटात जातं. साखर कमी करायची आहे, पण साधं काही पुढे ठेवलं की दोघंही तोंड फिरवतात. सकाळी हाताशी जेमतेम वीस मिनिटं असतात. काय द्यावं, आणि मुलं ते खातील कशी?

आधी हिशेब मांडू, म्हणजे कात्री कुठे लावायची ते दिसेल. मुलांसाठीच्या बऱ्याच गोड सिरियलमध्ये 100 ग्रॅमला 25 ते 35 ग्रॅम साखर असते. म्हणजे 30 ग्रॅमच्या वाटीत साधारण 9 ग्रॅम. दुधातल्या चॉकलेट पावडरीतून 7-8 ग्रॅम, आणि वरून एक सपाट चमचा साखर घातली तर आणखी 4. जॅममध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते, त्यामुळे ब्रेडवरच्या एका मोठ्या चमच्यातून 9-10 ग्रॅम सहज जातात. बेरीज 30 ग्रॅमच्या आसपास. चार ते सहा वर्षांच्या मुलांनी दिवसभरात 19 ग्रॅमपेक्षा जास्त मुक्त साखर खाऊ नये, असं ब्रिटनमधली आरोग्ययंत्रणा सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये दिलेली मर्यादा जरा सैल आहे: दोन वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी, आणि दोन वर्षांखाली वरून घातलेली साखर अजिबात नको. कोणताही आकडा धरला तरी तुमच्या मुलांचा दिवसाचा कोटा सकाळीच संपतो.

यात ‘मुक्त साखर’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. वरून घातलेली साखर, गूळ, मध, सगळ्या प्रकारचे पाक आणि फळांच्या रसातली साखर ही मुक्त साखर. अख्ख्या फळातली साखर आणि साध्या दुधा-दह्यातली साखर त्यात मोजत नाहीत. 100 मिली दुधात सुमारे 5 ग्रॅम दुग्धशर्करा असतेच. तिची काळजी करायचं कारण नाही. म्हणूनच साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला की नाश्ता ‘हेल्दी’ झाला, हा समज सोडून द्यावा लागतो. दातांना आणि जिभेला त्याने फारसा फरक पडत नाही. गोड लागणारे कृत्रिम पदार्थही मी सुचवणार नाही. त्याने आकडा खाली येतो, पण सकाळचं सगळं गोडच असायला हवं ही अपेक्षा तशीच राहते, आणि आपल्याला बदलायची आहे ती अपेक्षाच.

साखर खाल्ल्याने मुलं सैरभैर होतात असं बऱ्याचदा ऐकू येतं. नीट घेतलेल्या चाचण्यांमध्ये ते टिकलेलं नाही. खरी कारणं साधी आहेत. दात किडतात, साखरेने पोट भरल्यामुळे प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ मागे पडतात, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते.

पहिला आठवडा: फक्त कप

ताटाला हात लावू नका. फक्त पेयं बदला. पेयातली साखर चावावी लागत नाही आणि तिने पोटही फार भरत नाही, त्यामुळे ती कमी झाली तरी मुलाची उपासमार होत नाही. म्हणूनच मी कायम इथून सुरुवात करायला सांगतो.

रोज फळांचा रस जात असेल तर तो आधी थांबवा. 150 मिली संत्र्याच्या रसात 12 ते 15 ग्रॅम साखर असते, आणि घरी काढलेला रसही याला अपवाद नाही. गाळताना बहुतेक तंतू चोथ्यात जातात आणि दोन-तीन फळांचं गोड पाणी पेल्यात उरतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये एक वर्षाखाली रस देऊच नका असं सांगितलं आणि एक ते तीन वर्षांसाठी दिवसाला 120 मिली ही कमाल मर्यादा ठेवली. ही कमाल मर्यादा आहे. तेवढा द्यायलाच हवा असा तिचा अर्थ नाही. फळ कापून द्या, सोबत पाणी द्या.

चॉकलेट दूध एकदम बंद केलंत तर मूल दूधच सोडेल. पावडर मोजून घाला, अंदाजाने नको. दोन चमचे घालत असाल तर पाच दिवस दीड, मग पाच दिवस एक, मग अर्धा. वरची साखर मात्र पहिल्याच दिवशी काढा, कारण पावडरीत ती आधीच असते. शेवटच्या टप्प्यावर साधा कोको वापरता येतो. 150 मिली दुधाला पाव चमचा पुरतो. कोको थंड दुधात थेट टाकला तर गुठळ्या होतात, म्हणून आधी चमचाभर गरम दुधात घोटून घ्या. सोबत व्हॅनिला किंवा दालचिनीची किंचित चव द्या. या वासांची गोडाशी सांगड बसलेली असते, त्यामुळे साखर नसतानाही दूध गोडसर भासतं. दालचिनी मात्र चिमूटभरच, कारण बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात जाणं यकृताला चांगलं नाही.

आता दुधाच्या वेळेबद्दल, कारण निम्मी लढाई तिथेच असते. उठल्या उठल्या 200-250 मिली दूध प्यालेलं दोन वर्षांचं मूल नाश्त्याला तोंड लावत नाही, आणि घरचे म्हणतात की त्याला काही आवडतच नाही. लहान मुलाच्या पोटाची क्षमता वजनाच्या दर किलोला साधारण 30 मिली धरतात. 12 किलोच्या मुलाचं पोट म्हणजे 360 मिली. त्यातला दोन तृतीयांश भाग दुधाने भरला तर जागा कुठे उरली? म्हणून उठल्यावर पाणी, अर्ध्या-पाऊण तासाने खाणं आणि दूध खाण्याबरोबर किंवा नंतर, 100 ते 120 मिली. दिवसभराचं दूध एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी 500 मिलीच्या आसपास ठेवा, 700 च्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे भूक मरते आणि लोहाची कमतरता उद्भवू शकते.

साखर गेली, पण तिच्या जागी काय आलं?

गोड सिरियल काढून त्याच्या जागी बिनसाखरेचे साधे कॉर्नफ्लेक्स आणले, की आकडा सुधारतो पण मूल तासाभरात भुकेलं होतं. मग बिस्किट येतं आणि वाचवलेली साखर दहा वाजता परत जाते. म्हणून प्रत्येक नाश्त्यात तीन गोष्टी शोधा: प्रथिनं, थोडी स्निग्धता आणि तंतू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 13 ग्रॅम प्रथिनं लागतात, चार ते आठ वर्षांच्या मुलाला 19 ग्रॅम. त्यातली 5 ते 8 ग्रॅम सकाळी गेली की काम झालं. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 मिली दुधात 3 ग्रॅमहून थोडी जास्त, 30 ग्रॅम ओट्समध्ये जवळपास 4 ग्रॅम प्रथिनं असतात. तंतूंसाठी एक सोपा ठोकताळा आहे: वयात 5 मिळवा, निदान तेवढे ग्रॅम दिवसाला.

स्निग्धता कमी करू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना पूर्ण साईचं दूध आणि दहीच द्यायचं. ‘लो फॅट’ चवदार दह्यात चव टिकवायला बऱ्याचदा साखरच वाढवलेली असते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाकिटातल्या पुष्कळ गोड सिरियलमध्ये लोह आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात. ते बंद करता तेव्हा साखरेसोबत मुलाचा लोहाचा एक पुरवठाही बंद होतो. त्याची भरपाई करा. अंडं, शिजवलेली कडधान्यं, तिळाची किंवा दाण्यांची पेस्ट, ओट्स यांतून लोह मिळतं. वनस्पतींतलं लोह शरीरात नीट शोषलं जावं म्हणून त्याच घासांसोबत ‘क’ जीवनसत्त्वाचं फळ ठेवा: संत्र्याच्या दोन फोडी, स्ट्रॉबेरी, किवी. चहा मुलांना नकोच. त्यातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोह अडवतात.

ओट्सची खीर, आणि ती का फसते

एका मुलासाठी 30 ग्रॅम रोल्ड (चपटे लाटलेले) ओट्स घ्या, म्हणजे 240 मिलीच्या कपाने एक तृतीयांश कप. 100 मिली दूध, 100 मिली पाणी, अर्धं चांगलं पिकलेलं केळं काट्याने कुस्करून. सगळं थंड असतानाच एकत्र करा आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजवा. केळं वरून घालण्यापेक्षा सुरुवातीपासून शिजवलं की त्याची गोडी सगळ्या खिरीत उतरते. यातली ही एकच युक्ती लक्षात ठेवली तरी साखरेचा डबा उघडावा लागत नाही. केळ्याच्या सालीवर तपकिरी ठिपके आलेले असावेत. कच्चट केळ्यात पिठूळ अंश जास्त असतो, पिकताना त्याचीच साखर होते. आच बंद केल्यावर एक चमचा शेंगदाण्याचं किंवा बदामाचं गुळगुळीत बटर आणि एक वर्षापुढच्या मुलासाठी मिठाचे दोन-चार कण घाला. मीठ ओट्सचा किंचित कडवटपणा दाबतं आणि गोडी वर येते. एवढ्यातून 8 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दोन वर्षांचं मूल यातलं निम्मंच खाईल, आणि तेवढं त्याला पुरेसं आहे.

खीर चिकट, बुळबुळीत होण्याचं मुख्य कारण म्हणजे सतत ढवळणं. ढवळण्याने ओट्समधला चिकट तंतू आणि स्टार्च बाहेर पडतो. उकळी येईपर्यंत दोनदा, नंतर शेवटी एकदा, एवढंच ढवळा. नुसत्या दुधात शिजवली की खाली लागते आणि उतू जाते, म्हणून निम्मं पाणी. वाटीत वाढल्यावर दहा मिनिटांत ती घट्ट गोळा होते आणि मुलं नेमकी तिथे अडतात. म्हणून हवी त्यापेक्षा पातळ असतानाच उतरवा, आणि जवळ दोन चमचे गरम दूध ठेवा. झटपट ओट्स बारीक तुकडे करून पातळ लाटलेले असतात, त्यामुळे त्यांचा लगदा होतो. ज्या मुलाला मऊ गिळगिळीत पोत सहन होत नाही त्याला ते देऊच नका. चवीची तयार पाकिटं तर घरात आणायचं कारणच नाही. त्यातल्या गोड चवींच्या एकेका पाकिटात दोन-तीन चमचे साखर असते.

सकाळी वीस मिनिटंही नसतील तर रात्री भिजवा. 30 ग्रॅम ओट्स, 80 मिली दूध, 50 ग्रॅम साधं दही, एक चमचा जवसाची पूड. झाकण लावून फ्रिजमध्ये. सकाळी किसलेलं सफरचंद किंवा कुस्करलेल्या बेरी मिसळा. केळं रात्री घालू नका, काळं पडतं. अख्खं जवस घातलं तर ते बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून पूड हवी. आणि पूड वास धरते म्हणून आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवा. थंड खाणं आवडत नसेल तर मिनिटभर गरम करा.

अंडं, केळं आणि ओट्सचे छोटे पॅनकेक

नुसतं केळं आणि अंडं फेटून केलेले पॅनकेक सगळीकडे सुचवलेले दिसतात. ते उलटताना तुटतात, कारण धरून ठेवायला पीठच नसतं. एक सोललेलं केळं (100 ग्रॅम), दोन अंडी, 40 ग्रॅम ओट्सचं पीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर हे प्रमाण घ्या. ओट्स मिक्सरमध्ये फिरवले की पीठ झालं. मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवा, पीठ पाणी पिऊन फुगतं. तव्याला अगदी थोडं लोणी किंवा तेल लावून 6-7 सेंटिमीटरचे गोल घाला. कडा कोरड्या दिसल्या आणि वर बुडबुडे फुटले की उलटा. एका बाजूला दोन मिनिटं लागतात. सात-आठ होतात.

बाहेरून करपले आणि आत कच्चे राहिले, तर आच मोठी होती. केळ्यातली साखर लवकर रंग धरते, त्यामुळे साध्या पॅनकेकपेक्षा आच कमीच लागते. मोठा गोल घालण्याचा मोह टाळा. छोटा पॅनकेक लहान मुलाच्या मुठीत मावतो, ते स्वतः धरून खातं, आणि स्वतःच्या हाताने खाल्लेलं सहसा जास्त खाल्लं जातं. वर पाक किंवा मध नको. घट्ट दह्यात बुडवायला द्या. रविवारी दुप्पट करा, थंड झाल्यावर मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगले राहतात आणि टोस्टरमध्ये थेट गरम होतात.

दाण्यांची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी यात सूर्यफुलाच्या बियांची पूड किंवा बटर घातलं आणि पॅनकेक गार झाल्यावर आतून हिरवे पडले, तर घाबरून टाकून देऊ नका. बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल आणि बेकिंग पावडरीतला सोडा यांचा तो परिणाम आहे, अपायकारक नाही. मिश्रणात अर्धा चमचा लिंबाचा रस पिळला की रंग कमी येतो.

गोड नसलेला नाश्ताही हवा

आठवड्यातले निदान तीन दिवस नाश्ता गोड नसावा, फळाचा गोडवाही मुख्य चव म्हणून नसावा. साखरेऐवजी रोज केळं आणि खजूर येत राहिले तर मुलाच्या डोक्यात ‘सकाळ म्हणजे गोड’ हेच पक्कं राहतं. माझ्या मते साखर मोजण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

भाजलेले अंड्याचे कप यासाठी सोयीचे. चार अंडी, 60 मिली दूध, 100 ग्रॅम बारीक चिरलेल्या भाज्या (पालक, ढोबळी मिरची, किसलेलं गाजर), 30 ग्रॅम किसलेलं चीज. सहा साचे तेल लावून भरा, ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर 18 ते 20 मिनिटं. मधोमध हलवल्यावर डचमळता कामा नये. थर्मामीटर असेल तर आत 71 अंश सेल्सिअस यायला हवेत. पाणी सुटून तळ ओला होतो तो कच्च्या भाज्यांमुळे, म्हणून त्या आधी दोन मिनिटं परता आणि पालक घट्ट पिळा. भट्टीतून काढल्यावर फुगलेले कप बसतात, ते ठीक आहे. रबरासारखे झाले तर वेळ जास्त झाली. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. मीठ बेताने, चीजमध्ये ते असतंच: एक ते तीन वर्षांच्या मुलांची दिवसाची मर्यादा 2 ग्रॅम आहे, चार ते सहा वर्षांची 3 ग्रॅम.

त्याहून झटपट हवं असेल तर टोस्टवर मऊ शिजवलेल्या पांढऱ्या वालाची किंवा काबुली चण्याची पेस्ट: 100 ग्रॅम शिजवलेले वाल किंवा चणे, एक मोठा चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस, आणि सैल होईपर्यंत पाणी. सालं जाड असतील तर ती काढा, लहान मुलं नेमकी ती जिभेने बाहेर ढकलतात. किंवा उकडलेलं अंडं कुस्करून दह्यात कालवून. ब्रेड घेताना रंगावर जाऊ नका. तपकिरी रंग माल्ट किंवा कॅरॅमलचाही असतो. घटकांत पहिलं नाव संपूर्ण गव्हाचं किंवा दुसऱ्या अख्ख्या धान्याचं हवं, 100 ग्रॅमला तंतू 6 ग्रॅमच्या आसपास आणि साखर 5 ग्रॅमच्या आत.

लेबल वाचण्याची ही सवय दह्यालाही लावा. साध्या दह्यात 100 ग्रॅमला 4-5 ग्रॅम साखर दिसेल, ती दुधाची. फळांच्या चवीच्या दह्यात 11-12 दिसली तर फरक बहुतांशी वरून घातलेल्या साखरेचा असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून साखर तीन-चार नावांत विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट अर्क, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट ही सगळी एकाच कुटुंबातली नावं आहेत.

जॅमऐवजी

200 ग्रॅम स्ट्रॉबेरी किंवा सोलून चिरलेलं सफरचंद, दोन मोठे चमचे पाणी, झाकून आठ-दहा मिनिटं मऊ होईपर्यंत शिजवा. काट्याने ठेचा, एक मोठा चमचा चियाचं बी घाला, पंधरा मिनिटं थांबा. चिया पाणी शोषून घेऊन फळाला जॅमसारखं दाट करतं. पण हे जॅमसारखं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. जॅममधली साखर पाणी बांधून ठेवते म्हणून त्यात बुरशी वाढत नाही. इथे तो आधारच काढून घेतलेला आहे. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बाकीचं बर्फाच्या साच्यात गोठवा आणि रोज एक वडी काढा.

मनुका आणि खजूर? द्या, पण फळ म्हणून मोजा, साखरेला पर्याय म्हणून नको. वजनाच्या साठ टक्क्यांच्या पुढे त्यांत साखरच असते आणि ती दातांच्या खाचांत चिकटून राहते. जेवणाबरोबर चमचाभर चालतील, दिवसभर येता-जाता खायला नकोत. खजुराची पेस्ट करून सगळ्यात घालायची पद्धत पसरली आहे, तिने गोडी तेवढीच राहते आणि दातांचंही काही भलं होत नाही.

मुलं खात नाहीत तेव्हा

एका वेळी एकच गोष्ट बदला. सिरियल बदलताना चार आठवडे द्या: पहिल्या आठवड्यात तीन भाग गोड आणि एक भाग साधं, मग निम्मं-निम्मं, मग उलट, मग फक्त साधं. दोन्ही एकाच बरणीत मिसळून ठेवा, नाहीतर मूल वाटीतून गोड तेवढं वेचून खातं. चवदार दह्यात साधं दही मिसळतानाही हेच. यातलं काही मुलांना सांगायची गरज नाही. ‘आजपासून साखर बंद’ असं जाहीर केलंत की चवीआधी हट्ट जागा होतो.

नवीन पदार्थ एक-दोनदा नाकारला म्हणजे आवडत नाही असं ठरवू नका. बऱ्याच मुलांना आठ ते पंधरा वेळा तो समोर दिसावा, हाताळायला मिळावा, चाखायला मिळावा लागतो. म्हणून ताटात एक ओळखीची वस्तू ठेवाच, जी ते नक्की खातं, आणि शेजारी नव्याचा एखादा छोटा चमचा. काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्या. ‘हे संपव, मग चॉकलेट’ हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं. अंडं ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच त्यातून मूल शिकतं.

न खाता उठलं तर वीस मिनिटांनी ताट उचला. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, तेही ठरलेलं: फळ, दही, उकडलेलं अंडं. मध्ये गोड बिस्किट देऊन भरपाई केली तर उद्या सकाळी मूल त्याचीच वाट पाहील. ताप-सर्दी असेल तर एक पायरी मागे या, पण पहिल्या पायरीवर नको.

दोन वर्षांच्या मुलासाठी काही गोष्टींत तडजोड नाही. पाच वर्षांखाली शेंगदाणे-बदामासारखे अख्खे दाणे नकोत. पूड किंवा पातळ पसरलेलं गुळगुळीत बटर द्या, चमच्याने गोळा भरवू नका, तो घशाला चिकटतो. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. कच्चं सफरचंद आणि गाजर किसून किंवा वाफवून. चिया कायम भिजवलेलं. मूल ताठ, एका जागी बसून खात असावं. धावताना किंवा गाडीत नको. घरी एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध कोणत्याही रूपात देऊ नका, शिजवलेलाही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तंतू वाढवाल तसं पाणी वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ होतं आणि दोष ओट्सवर जातो. दात नाश्त्याआधी घासले तरी चालतात. नंतर घासायचे असतील तर फळ किंवा काही आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा, कारण आम्लाने मऊ झालेला दातांचा थर लगेच घासला तर झिजतो.

मुलाचं वजन वाढत नसेल, ते फिकट आणि सुस्त दिसत असेल, मोजकेच पाच-दहा पदार्थ सोडून कशालाच हात लावत नसेल किंवा घास घेताना वारंवार उमळत असेल, तर हे बदल करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असलेल्या मुलाच्या नाश्त्यातलं कर्बोदकांचं प्रमाण डोसशी जोडलेलं असतं. तिथे साखर काढणं किंवा पदार्थ बदलणं त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.